प्रवाळाचे अकरा तुकडे

तांबटाच्या नातसुनेला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. मुली मार्चमध्ये झाल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीला तांबटाच्या धाकट्या भावाला अर्धांगाचा झटका आला. एका घरात तीन खोल्यांत नऊ माणसं, दुसऱ्या घरात दोन खोल्यांत एकटा माणूस, तोही उजव्या अंगाने लुळा. सून म्हणाली, “बाबा, तुम्ही खोकलात की दोघी एकदम जाग्या होतात. काकांकडे जाता का राहायला थोडे दिवस? त्यांनाही सोबत होईल.” तांबटाला राग आला नाही. शहात्तर वर्षांच्या माणसाला आपण कुठे अडचण होतो आहोत ते बरोबर कळतं. त्याने चार कपडे पिशवीत भरले आणि तो निघाला.

दोघा भावांत भांडण असं नव्हतं, पण येणंजाणंही बेताचंच होतं. बापाचा धंदा तांब्याची भांडी ठोकायचा. थोरल्याने तो उचलला आणि हात चालले तोवर केला. धाकट्याने अठराव्या वर्षी हातोडी खाली ठेवली आणि शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला. एकतीस वर्षं त्याने काचेच्या नळ्या धुतल्या. तांबट त्याला ‘प्रोफेसर’ म्हणायचा, आणि ते कौतुकाने नव्हतं.

धाकट्याला मूलबाळ नव्हतं. बायको नऊ वर्षांपूर्वी गेली होती. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती, एक माणूस आत आडवा झोपेल एवढी. तिच्यात मासे चारच, तेही लहान. बाकी सगळे खडक, आणि खडकांवर प्रवाळ. मधोमध एक मोठं झुडूप होतं, बोटाएवढ्या जाड फांद्यांचं, अंगाने हिरवट आणि टोकाशी जांभळं. धाकट्याच्या बायकोने ते लावलं होतं. आणलं तेव्हा करंगळीच्या पेराएवढं होतं म्हणे. आता दोन ओंजळींत मावलं नसतं.

तांबटाला ही टाकी पहिल्यापासून डोळ्यांत खुपायची. त्याला कारण होतं. अठरा वर्षांपूर्वी धाकटा या घरात राहायला आला, तेव्हा तांबटाने त्याच्यासाठी तांब्याचं घंगाळ केलं होतं. दीड महिना खपून, बोटभरही जागा न सोडता हातोडीने ठोकून मठारलेलं. धाकट्याने ते उलटंपालटं करून पाहिलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “दादा, काम बाबांच्या तोडीचं आहे. पण घरात नको ठेवायला. टाकीला तांबं चालत नाही.”

तांबटाने त्यातलं ‘घरात नको’ एवढंच ऐकलं. नंतर धाकट्याची बायको मुद्दाम दुकानात येऊन सांगून गेली, की भावजी, तांब्याचा अंश पाण्यात उतरला तर आतलं सगळं मरतं, म्हणून आम्ही तांब्याचा साधा पेलाही ठेवत नाही. तांबट “समजलं, समजलं,” म्हणत ठोकत राहिला. त्याच्या मनाने घेतलं होतं, की भावाला बापाच्या धंद्याची लाज वाटते आणि टाकी हे निमित्त आहे. घंगाळ दुकानाच्या माळ्यावर गेलं. त्यानंतर सहा वर्षं तांबट भावाच्या घरी जेवला नाही.

आता मात्र तोच भावाला भरवत होता. सकाळी एक बाई येऊन धाकट्याचं अंग पुसून, कपडे बदलून जायची. बाकी दिवसभर दोघेच. धाकट्याची जीभ जड झाली होती, पण शब्द कळायचे. खुर्ची टाकीसमोर लावलेली असायची. डॉक्टरांनी उजव्या हाताचा व्यायाम सांगितला होता, रबराचा चेंडू दाबायचा. धाकटा चेंडू मांडीवर ठेवून नुसता टाकीकडे बघत बसायचा.

मेच्या सुरुवातीला एका सकाळी तो म्हणाला, “दादा, ते झुडूप बघ. खालून.”

तांबटाने काचेला नाक लावलं. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन तो दोन वर्षं पुढे ढकलत आला होता. तरीही दिसलं. झुडपाचा बुंधा पांढरा पडला होता, हाडासारखा.

“तुझं पोवळं म्हातारं झालं, प्रोफेसर. खालून पिकतंय.”

“पोवळं सोनाराकडे. हे प्रवाळ आहे. आणि पिकत नाही, मरतंय. आठवड्यात बोटभर वर चढलंय.”

“मग औषध घाल.”

“औषध नाही. वरच्या चांगल्या फांद्या कापायच्या आणि नव्या खडकावर चिकटवायच्या. लागल्या तर त्या पाया धरतात, त्यांचं वेगळं झुडूप होतं.” तो थांबला. श्वास घेऊन म्हणाला, “तिने लावलेलं हे एवढंच राहिलंय. एक तुकडा लागला तरी पुरे.”

कोण कापणार ते उघडच होतं. त्या खोलीत दोन्ही हात चालणारा माणूस एकच होता.

टाकीचं सामान विकणारी एक बाई होती. धाकटा तिचं वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. सगळे तिला टाकीवाली म्हणत. तिला फोन केला तर ती दुसऱ्या दिवशी खडकाचे चार मोकळे तुकडे, दाट गोंदाच्या दोन नळ्या आणि हातमोजे देऊन गेली. जाताना म्हणाली, “आजोबा, जमेल ना? नाहीतर रविवारी मी येते.”

“बाई, मी पन्नास वर्षं पत्रा कापलाय,” तांबट म्हणाला. “तुमच्या दगडाला फांद्या लावणं म्हणजे काय मोठंसं!”

पंप बंद केल्यावर खोलीतली घरघर थांबली. तांबटाने मोजे चढवले आणि दंडापर्यंत हात पाण्यात घातला. पाणी कोमट होतं, ते त्याला विचित्र वाटलं. समुद्राचं म्हणजे गार असेल असं त्याने धरलं होतं. कातर टाकीवालीचीच, पोलादी. धाकटा खुर्चीतून सांगत होता.

“पांढऱ्याच्या दोन बोटं वर धर. हां. एकदम काप, चावत बसू नकोस.”

कट् असा आवाज पाण्यातूनही आला. फांदी बाहेर ताटलीत आली. तिच्या अंगातून बुळबुळीत लाळ सुटायला लागली.

“शी! हे तर थुंकतंय.”

“तुला कापलं तर तू काय हसशील?”

अशा चौदा फांद्या निघाल्या. मग खडक. धाकट्याने तो टाकीच्या जुन्या पाण्यात ब्रशने घासून घ्यायला लावला, जागा फडक्याने टिपायला लावली. “आता गोंद. वाटाण्याएवढा. वाटाणा म्हटलं मी, दादा, लिंबू नाही.”

पहिली फांदी तांबटाने अशी दाबली, की ती मधोमध मोडली.

“हे तांबं नाही,” धाकटा म्हणाला.

“कळलं मला.”

“तांबं ऐकतं. हे ऐकत नाही. टेकव, अर्धा वळसा दे, म्हणजे गोंदावरची साय फुटते. मग हलवू नकोस. वीसपर्यंत मोज.”

दुसरी फांदी खडकाऐवजी तांबटाच्या अंगठ्याला चिकटली. मोज्यासकट. त्याने अंगठा वर करून भावाला दाखवला. “हे बघ. आता इथेच वाढवतो. रोज मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवीन.”

धाकट्याच्या तोंडाची डावी बाजू हसली. उजवी तशीच लोंबत राहिली. झटक्यानंतर तो पहिल्यांदा हसला होता. तांबटाने तिकडे न बघितल्यासारखं केलं आणि अंगठा सोडवत बसला.

तिसऱ्या फांदीपासून हाताला अंदाज आला. किती दाबायचं, कुठे सोडायचं, हे सांगून येत नाही. ते बोटांना आपोआप कळतं, आणि तांबटाची बोटं जन्मभर तेच शिकली होती. फांदी टेकली की तो मोठ्याने मोजायचा, एक, दोन, तीन, आणि धाकटा जड जिभेने त्याच्याबरोबर मोजायचा. दर दोन फांद्यांनी खडक पुन्हा पाण्यात, म्हणजे त्या सुकू नयेत. सगळं आटोपायला दुपार झाली. तीन फांद्या मोडल्या किंवा वाया गेल्या. अकरा लागल्या. चार खडकांवर अकरा टोकं उभी होती, एखाद्याने खुंट्या ठोकाव्यात तशी.

“बाबांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, थोरल्याने शेवटी कामधंदा सोडून खेळ मांडला,” तांबट म्हणाला.

“बाबा म्हणाले असते, सात नंबरची तिरकी लागलीय.”

ती खरंच तिरकी लागली होती.

दोन दिवस फांद्या मिटून होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याने हाक मारली ती एवढ्या जोरात, की तांबट दाढीचा साबण तसाच ठेवून धावला. फांद्यांच्या अंगावर बारीक बारीक केसाळ तोंडं उघडली होती. सगळ्या अकरांवर. जुन्या झुडपाचं पांढरं टोकापर्यंत चढलं आणि ते संपलं. पण त्याचं दोघांनाही फार वाटलं नाही. त्यांचं लक्ष खडकांकडे होतं. तीन आठवड्यांनी फांद्यांच्या बुडाशी, वाळलेल्या गोंदावर, हिरवी कड चढलेली दिसली. कागदाएवढी पातळ.

“पाया धरला,” धाकटा म्हणाला. त्या दिवशी त्याने आपणहून चेंडू मागितला. उजव्या हाताची दोन बोटं हलली. हललीच. तांबटाने सुनेला फोन करून सांगितलं.

जूनच्या मध्यावर मीठ कालवायचं प्लॅस्टिकचं पिंप तडकलं. दर पंधरवड्याला टाकीतलं थोडं पाणी काढून तेवढंच नवं, मीठ कालवलेलं पाणी घालावं लागे. टाकीवाली गावाला गेली होती, तिला यायला आठवडा होता. घरात मोठं भांडं नव्हतं. दोन बादल्या होत्या, त्यांतही बाई साबणाचे कपडे भिजवायची, म्हणून धाकटा टाकीच्या पाण्यासाठी त्यांना हात लावू देत नसे. “थांबू आठवडाभर,” तो म्हणाला. “काही बिघडत नाही.”

पण तांबटाच्या डोक्यात घंगाळ आलं होतं. ते चाळीस लिटरचं होतं. टाकीला तांबं चालत नाही, हे त्याला आठवत होतं. तो विसरला असं कोणी म्हणू नये. पण यावर त्याच्याकडे उत्तर होतं. कल्हई केली की तांबं राहतं कुठे? ताक कल्हईच्या भांड्यात कळकत नाही, चिंचेचं सार कळकत नाही, मग मिठाच्या पाण्याला काय झालंय? वर कथलाचा थर, आत पाणी. तांब्याचा आणि पाण्याचा संबंधच येत नाही. आणि खोल कुठेतरी त्याला असंही वाटलं असणार, की त्या घरात आपलं घंगाळ एकदा तरी उपयोगाला यावं. धाकट्याला सांगितलं असतं तर त्याने वाद घातला असता. म्हणून तांबटाने सांगितलं नाही.

तो दुकानात गेला. दुकान आता नातवाकडे होतं आणि तिथे मोबाइल दुरुस्त व्हायचे, पण मागच्या पडवीत तांबटाची हत्यारं अजून होती. त्याने घंगाळ घासून लख्ख केलं. गॅसच्या शेगडीवर तापवलं, नवसागर टाकला, पांढरा धूर उठला, कथील वितळवून कापडाच्या बोळ्याने आतून फिरवलं. बापाची शिकवण अशी, की कल्हई डोळ्यांनी तपासायची नाही, डोळा चकाकीला भुलतो. बोट फिरवायचं. जिथे कथील चढलं नाही तिथे बोट अडखळतं. तांबटाने बोट फिरवलं. तळापासून कडेपर्यंत, दोनदा. बोट कुठेही अडखळलं नाही.

घंगाळ त्याने रिक्षातून आणलं आणि मागच्या दाराने मोरीत नेऊन ठेवलं. गाळलेलं पाणी भरलं, मीठ मोजून घातलं, लाकडी काठीने ढवळलं. एका दिवसात मीठ विरघळतं, पण नीट मुरावं म्हणून त्याने पाणी दोन दिवस ठेवलं. धाकट्याने विचारलं, “पाणी कशात कालवलंस?”

“मिळालं एक भांडं.”

“स्वच्छ आहे ना?”

“माझ्यावर सोड,” तांबट म्हणाला. आणि शुक्रवारी सकाळी त्याने पाणी घातलं.

शनिवारी काचेवरच्या गोगलगाई खाली पडल्या. उताण्या पडून राहिल्या. रविवारी फांद्यांची तोंडं मिटली. “नवं पाणी आहे, सवय होईल,” तांबट म्हणाला. सोमवारी सात नंबरच्या तिरक्या फांदीचं टोक पांढरं झालं. मंगळवारी बुडाशी चढलेली हिरवी कड सालीसारखी सुटून पाण्यात तरंगायला लागली. मासे मात्र ठणठणीत होते. ते आपले इकडून तिकडे फिरत होते, जसं काही झालंच नाही.

बुधवारी टाकीवाली गावाहून थेट इकडे आली. तिने टाकीतलं पाणी एका लहान नळीत घेतलं, त्यात दोन बाटल्यांतले थेंब टाकले आणि नळी हलवून पांढऱ्या कागदासमोर धरली. पाणी हळूहळू निळं झालं. तिने पुन्हा नवं पाणी घेऊन केलं. पुन्हा निळं.

“सर, तांबं आहे,” ती म्हणाली. “चांगलंच आहे. मासे तेवढं सोसतात, म्हणून जगलेत. घरात तांबं कुठून आलं?”

धाकट्याने तिच्याकडे बघितलंच नाही. तो तांबटाच्या हातांकडे बघत होता.

“माझ्याकडून,” तांबट म्हणाला. “घंगाळात कालवलं. पण कल्हई केली होती.”

“कोणी केली?” धाकट्याने विचारलं.

“मीच.”

“बोट फिरवलं होतंस?”

“दोनदा फिरवलं.”

धाकट्याने डोळे मिटले. “त्या बोटांना आता काय कळतंय, दादा. परवा तू गरम भांडं चिमट्याशिवाय उचललंस आणि तुला भाजलेलं कळलं नाही. मी बघत होतो.”

टाकीवाली मोरीत गेली, तांबट तिच्यामागे गेला. ती बॅटरी घेऊन घंगाळात वाकली. तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे, कोपऱ्याच्या वळणात, हाताच्या पंज्याएवढी जागा लाल होती. तिथे कथील चढलंच नव्हतं. लालाच्या कडेने हिरवा कळंक धरला होता. तांबटाला तो उजेड पाडल्यावरही दिसला नाही. तिने त्याचा हात धरून तिथे टेकवला, तेव्हा ओलसर, खरखरीत असं काहीतरी लागलं, तेही पुसट.

“आता काय करायचं?” त्याने विचारलं. “पाणी बदलू. सगळं काढू. मी आत्ता काढतो.”

“आजोबा, पाणी बदलून जाईल, पण खडकांत मुरलेलं जाणार नाही. ते वर्षानुवर्षं सोडत राहतात. काचेच्या सांध्यांतसुद्धा बसतं.” मग तिला तांबटाच्या तोंडाकडे बघून राहवलं नाही. “या दोन फांद्यांना अजून रंग आहे. मी घेऊन जाते, माझ्याकडच्या टाकीत ठेवून बघते.”

तिने त्या दोन फांद्या खडकासकट पिशवीत घातल्या. दाराशी गेल्यावर परत वळून म्हणाली, “सर, मी फोन करते.”

ती गेल्यावर तांबट म्हणाला, “मला वाटलं, कल्हई असली की चालतं.”

“मला माहीतच आहे तुला काय वाटलं ते.”

“बोल की मला काहीतरी. शिवी दे.”

“बाबांनी दिली असती. कल्हई सुटलेलं भांडं गिऱ्हाइकाला दिलं म्हणून थोबाडीतही दिली असती.” धाकटा म्हणाला. “माझ्यात तेवढा जोर नाही. खुर्ची फिरव.”

“कुठे?”

“भिंतीकडे.”

तांबटाने खुर्ची फिरवली. त्याला वाटलं, संध्याकाळी तो परत फिरवायला सांगेल. त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

टाकीवालीचा फोन चार दिवसांनी आला. तांबटाने उचलला. ती म्हणाली, एक परवाच गेली, दुसरी आज सकाळी. तांबट “बरं,” म्हणाला आणि फोन ठेवला. धाकट्याने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. दोघांनाही कळलं होतं.

मासे टाकीवालीने नेले. पाणी तांबटाने उपसलं, बादलीने, दोन दिवस लागले. खडक त्याने पोत्यांत भरून अंगणात ठेवले. त्यांचा वास सुटला तेव्हा कचऱ्याची गाडी घेऊन गेली. अकरांपैकी उरलेले नऊ तुकडे पांढरेफटक होऊन खडकांना पक्के चिकटलेले होते. एकही निखळला नव्हता. काम तेवढं चोख झालं होतं.

चेंडू खुर्चीखाली गेला तो तिथेच राहिला. बाई सकाळी उचलून मांडीवर ठेवायची, धाकटा तो पडू द्यायचा. डॉक्टर म्हणाले, मन लावलं तर हात अजून येऊ शकतो. तांबटाने ते भावाला तीन वेळा सांगितलं. धाकटा म्हणाला, “हात येऊन काय करू?” जुलैअखेर धाकट्याचं जेवण चार घासांवर आलं. तांबट प्रत्येक घास हातात धरून थांबायचा. कधी तोंड उघडायचं, कधी नाही. एकदा तो म्हणाला, “धाकट्या, माझ्यासाठी तरी खा रे.” धाकट्याने तोंड उघडलं, घास घेतला, चावला, गिळला. मग म्हणाला, “खाल्ला.” आणि पुढचा घेतला नाही.

सून दोनदा न्यायला आली. तांबट गेला नाही. घंगाळ मोरीतच होतं. त्याने ते पालथं घालून ठेवलं होतं आणि बाईला सांगितलं होतं, की याला हात लावायचा नाही.

दुसरा झटका ऑगस्टमध्ये आला. धाकटा त्या वर्षीच्या ऑगस्टच्या सव्वीस तारखेला, मंगळवारी, दुपारी पावणेतीनला वारला. तांबट त्याच घरात एकटा राहिला आणि पुढच्या वर्षी, फेब्रुवारीच्या नऊ तारखेला तोही वारला.